दोन मूर्ती

(ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

नर्मदेच्या काठावरील कोणत्याही आश्रमाच्या अंगणात सायंकाळी पाऊल टाकले, की आतून पहिला प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?", म्हणजे किती माणसे? नाव, गाव, वय यांतले काहीही त्याआधी विचारले जात नाही, कारण विचारणाऱ्याला पीठ किती मळायचे एवढेच ठरवायचे असते. नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात आम्ही दोघांनी त्या प्रश्नाला रोज "दो मूर्ती" हे एकच उत्तर दिले. निघालो तेव्हा माझे यजमान ७१ वर्षांचे होते आणि मी ६६ वर्षांची. नर्मदा परिक्रमेचे माहात्म्य आपण सर्वांनी पुष्कळ ऐकले आहे, म्हणून आज मी ती पूर्ण कशी झाली एवढ्यावरच बोलणार आहे. आणि त्यातही एका अशा अडचणीवर, जिची निघताना आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

ज्यांनी परिक्रमा केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमरकंटकला उगम पावून भरूचजवळ खंबातच्या आखाताला मिळणारी नर्मदा १३१२ किलोमीटर लांब आहे आणि परिक्रमावासीयाने ती सतत आपल्या उजव्या हाताला ठेवून तिचे दोन्ही तीर चालायचे असतात. समुद्राजवळ नावेने पलीकडे जावे लागते, तेवढे सोडले तर तिचे पात्र कुठेही ओलांडायचे नसते. परंपरेने यासाठी तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. हल्ली पुष्कळ जण चार-सहा महिन्यांत परिक्रमा आटोपतात, पण चातुर्मासात चालायचे नाही, सूर्यास्तापूर्वी मुक्कामाचे आसन लावायचे आणि पुढच्या दिवसांचा साठा पाठीवर वाहायचा नाही, हे जुने नियम मला फार शहाणपणाचे वाटतात. वयस्क माणसाच्या देहाला झेपेल अशीच त्यांची रचना आहे, आणि आम्ही ते सगळे पाळले म्हणूनच आज आपल्यासमोर उभे राहून मी बोलू शकते.

आम्ही ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून निघालो. संकल्प सोडताना यजमानांच्या हातात पाणी होते आणि गुरुजींनी मला त्यांच्या हाताला हात लावायला सांगितले. सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळीकडे आपण बायका असा हात लावतोच, त्यामुळे त्या क्षणी मला त्यात काही विशेष जाणवले नाही. संकल्प एकच, तो धरणारे हात मात्र दोन, याचा अर्थ कळायला मला पुढचे चार महिने लागले.

सुरुवातीचे ते दिवस उत्साहाचे होते. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी आम्ही दोघे बराच वेळ बसलो होतो. २८ एप्रिल १७४० रोजी ज्या नदीकाठी त्यांनी देह ठेवला, तिच्याच काठाने आपण पायी जात आहोत, या जाणिवेने दोघांचेही डोळे भरून आले. शूलपाणीच्या डोंगरांत, सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे काठाची जुनी वाट उरलेली नसल्याने, चढउतार फार झाले. तिथल्या पाड्यांवर ज्या घरांनी आम्हाला भाकरी वाढली त्यांच्या स्वतःच्या कणग्या रिकाम्या होत आल्या होत्या, हे मी कधीही विसरणार नाही. विमलेश्वराहून नावेने मिठी तलाईला उतरलो, सोबत बाळगलेल्या नर्मदाजलाच्या कुपीतले थोडे पाणी समुद्राला अर्पण केले, आणि उत्तर तटाने पूर्वेकडे वळलो.

सुरुवातीला म्हटले त्या अडचणीची गोष्ट नेमावरजवळची आहे. नेमावर म्हणजे नर्मदेचे नाभिस्थान, तिच्या प्रवाहाच्या अर्ध्या वाटेवरचे. मार्चचे ऊन चढू लागले होते. एका आश्रमात दुपारी मी यजमानांचे धोतर धुवायला घाटावर नेले आणि ते भिजवण्यापूर्वी सहज हातात उलगडले, तर उजव्या गुडघ्याच्या जागी तळहाताएवढा पिवळट डाग होता आणि त्याला महानारायण तेलाचा वास येत होता. डाग ताजा होता, पण त्याच्या भोवती जुन्या, धुऊन फिके झालेल्या डागांची कडी होती. म्हणजे हे तेल कित्येक दिवसांपासून, मी झोपल्यावर, चोळले जात होते. स्नानाला हल्ली ते माझ्याआधी का उठून जातात याचाही उलगडा झाला. मी वर आले आणि काही न बोलता धोतर त्यांच्या पुढ्यात ठेवले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अगं, तुला सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

मी रागावणार होते, पण रागावण्याचा अधिकार मला नव्हता. भरूच सोडल्यापासून माझ्या डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिघळले होते आणि त्यावर चिंधी बांधून, वर मोजे चढवून मी चालत होते. तेही याच कारणासाठी, की हे कळले तर ते परिक्रमा सोडून मला घरी नेतील. त्या दुपारी मीही मोजे काढले. बेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांना जपण्याची जी रीत शिकलो होतो, ती अशी होती: आपले दुखणे आपल्यापाशी ठेवायचे. घरात ती चालून गेली. तिथे दुसऱ्या दिवशी दहा किलोमीटर चालायचे नसते. नदीकाठी मात्र दोघेही दुसऱ्यासाठी सोसत, दुसऱ्याला अंधारात ठेवून, स्वतःचे पाय कायमचे निकामी करायला निघाले होते. वयस्क जोडप्याच्या वाटेत ऊन, चढ किंवा अन्नाची आबाळ यांपेक्षा ही सवय अधिक घातक आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

त्या आश्रमात आम्ही सतरा दिवस राहिलो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आरती झाल्यावर, नर्मदाजलाच्या कुप्या पुढ्यात ठेवून आम्ही एक नियम घालून घेतला: रोज आरतीनंतर दोघांनी आपापल्या देहाची खरी स्थिती बोलायची, आणि कुपीसमोर खोटे बोलायचे नाही. एकाने "उद्या चालवणार नाही" म्हटले, की दुसऱ्याने कारण विचारायचे नाही, समजूत घालायची नाही आणि मनात हळहळही धरायची नाही. यातला शेवटचा भाग फार अवघड गेला. पहिल्या काही दिवसांत आम्ही नवख्यांसारखे अडखळत बोलत होतो. "इथे दुखतंय" एवढे शब्द माझ्या तोंडून सरळ निघत नव्हते.

आषाढीच्या सुमारास अमरकंटकला पोहोचलो. २०२३ साली श्रावण अधिक होता, त्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. मैकलच्या डोंगरातला तो पाऊस, दोरीवर आठवडाभर ओले राहणारे कपडे आणि धुनीच्या धुराचा वास यांत आमचे शरीर भरून आले. मुलाचे फोन येत, की आता राहिलेला दक्षिण तट गाडीने करा, पुण्य तेवढेच मिळेल. त्याची काळजी खरी होती, आणि वाहनाने परिक्रमा करणाऱ्यांविषयी मला आदर आहे; पण हाताला हात लावून जो संकल्प झाला तो पायी चालण्याचा होता. कार्तिकी झाल्यावर आम्ही पुन्हा निघालो.

नर्मदा जयंतीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, ओंकारेश्वरला पूर्तता करायची असे आम्ही मनाशी ठरवले होते. हंडियानंतर इंदिरा सागराच्या जलाशयामुळे काठ सुटतो आणि मैयाचे दर्शन न होता डांबरी रस्त्याने फार दिवस चालावे लागते. याच पाण्यात हरसूद गाव गेले. २००४ साली तिथल्या लोकांनी आपली घरे आपल्या हातांनी उतरवली. त्या परिसरात एका आजींनी आम्हाला चहा दिला आणि जलाशयाकडे हात करून, आपले घर त्या बाजूला होते, एवढेच सांगितले.

ओंकारेश्वर पंचवीस किलोमीटरवर राहिले होते आणि जयंतीला दोन दिवस होते. त्या संध्याकाळी आरतीनंतर यजमान म्हणाले, "उद्या मला चालवणार नाही." गुडघा पुन्हा धरला होता. पूर्वीचे ते असते, तर पंचवीस किलोमीटरसाठी ते तोंडातून चकार शब्द काढते ना; आणि पूर्वीची मी असते, तर "थोडंच राहिलंय" म्हणाले असते. मी वळकटी सोडली आणि अंथरूण घातले. जयंती आम्ही त्या गावातच केली. नदी जवळ नव्हती, म्हणून बायकांनी मोठ्या परातीत पाणी भरून त्यात दिवे सोडले, भंडारा झाला, आणि मला अजिबात हळहळ वाटली नाही हे पाहून माझे मलाच नवल वाटले.

सहाव्या दिवशी चाललो आणि दोन मुक्कामांनी, २२ फेब्रुवारीला, जिथे संकल्प सोडला त्याच घाटावर उभे राहिलो. कन्यापूजन झाले, कढईचा शिरा झाला. आता ओंकारेश्वराला जल चढवायचे राहिले होते. ज्योतिर्लिंगाचे ते मंदिर बेटावर असल्याने परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिथे जाता येत नाही, आणि जायचे तर पूल ओलांडावा लागतो. पुलाच्या तोंडाशी दोघांचेही पाय थांबले. पंधरा महिने ज्या पाण्यावरून पलीकडे जायचे नाही असा धाक पायांना होता, ते पाणी खाली वाहत होते आणि पाय पुढे पडत नव्हते. मागून येणारे लोक बाजूने निघून जात होते. यजमानांनी मला विचारले, "कसं आहे?" मी म्हटले, "डावी टाच दुखते आहे. तुमचं?" ते म्हणाले, "गुडघा आहेच." मग मी त्यांच्या हाताला हात लावला आणि आम्ही पुलावर चढलो.