खडकात कोंडलेलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. गोव्यातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्यावरचे गोलसर खडक तुम्ही पाहिलेच असतील. तो ग्रॅनाइट. ओट्यावरचा काळा कुळकुळीत दगड मात्र बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट नाहीतर गॅब्रो, म्हणजे वेगळेच काळे खडक. दुकानदाराशी वाद घालू नका, भाव काही उतरायचा नाही.

ग्रॅनाइट सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, तर काप हवा ०.०३ मिलिमीटर जाडीचा. पुन्हा सांगतो, ०.०३. कापलेल्या चकतीची एक बाजू गुळगुळीत करून ती इपॉक्सीने काचपट्टीवर चिकटवायची. दुसरी बाजू कार्बोरंडमच्या, म्हणजे घासायच्या कठीण, पुडीने घासायची, आधी भरड, मग बारीक. पूड बदलताना सगळं धुतलं नाही, तर राहिलेला एक भरड कण काप ओरबाडतो. जाडी ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ, म्हणजे गारेचं खनिज, सांगतो: सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्या, काटकोनात ठेवले की तो राखाडी-पांढरा दिसावा. पिवळा दिसला? अजून घासा.

आता ग्रॅनाइटमधल्या खनिजांची ओळख. दोन ध्रुवकांमध्ये प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारवर समांतर पट्टे, मायक्रोक्लीन या दुसऱ्या फेल्डस्पारवर लुंगीसारखी चौकडी. एकच ध्रुवक ठेवून काप फिरवला की काळं अभ्रक फिकट तपकिरीचं गडद होतं. क्वार्ट्झ नितळ.

नितळ म्हणालो खरा, पण इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने त्यात पाणी शोधलं! १८४९च्या सुमारास तो खडकांचे पातळ काप करू लागला, तेव्हा लोक हसले. डोंगर कधी सूक्ष्मदर्शकातून बघतात का? सॉर्बी घासत राहिला. ग्रॅनाइटच्या क्वार्ट्झमध्ये त्याला बारीक पोकळ्या दिसल्या. पोकळीत द्रव, द्रवात बुडबुडा, आणि अगदी लहान बुडबुडे आपोआप थरथरत होते. त्याने ताडलं, की स्फटिक वाढताना गरम द्रव आत कोंडला, निवताना आकसला आणि रिकाम्या जागेत बुडबुडा झाला. मग उलटं करू या! स्फटिक तापवला, तर बुडबुडा नाहीसा होईल तेव्हाचं तापमान आपल्याला खडकाच्या जन्माबद्दल काही सांगेल. १८५८मध्ये त्याने हे छापलं: ग्रॅनाइट घडताना उष्णतेसोबत पाणीही होतं. पुढे जर्मनीच्या फर्डिनांड त्सिर्केलने त्याच्याकडून ही विद्या उचलली आणि युरोपभर नेली. हसणारे गप्प झाले असतील, नसतील; विद्वान सहसा होत नाहीत.

तुम्हाला तो बुडबुडा बघायचाय? मग ०.०३ विसरा. काप ०.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, दोन्ही बाजूंनी पॉलिश करा. तापवायचा असेल तर इपॉक्सी नको. सुटणारा गोंद वापरा आणि काप काचेवरून आधी सोडवून घ्या.