दुर्गंधी पचवणारे जिवाणू

मंडळी, शेण आणि मूत्र वेगळं असेल तर वास त्या मानाने कमी येतो. दोन्ही मिसळलं, की शेणातल्या जिवाणूंचं युरिएज हे विकर मूत्रातल्या युरियावर काम करतं आणि काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. खड्ड्यात साठलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन संपला, की दुसरे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्याकडून सडक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइड, खवट वासाचं ब्युटिरिक आम्ल, पॅराक्रेसॉल, स्कॅटोल असे पदार्थ बाहेर पडतात. दुर्गंधी म्हणजे अर्धवट राहिलेलं पचन. ते पुरं करायला ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू लागतात, आणि बायोफिल्टर, म्हणजे गोठ्यातली हवा गाळणारा लाकूड-कंपोस्टचा थर, हे त्यांचं घर.

पंख्यांनी बाहेर फेकली जाणारी हवा आधी एका बंदिस्त पोकळीत घ्यायची. पोकळीवर मजबूत जाळी आणि जाळीवर 25 ते 45 सेंटिमीटर जाडीचा थर: वजनाने 70 ते 80 टक्के लाकडाचे तुकडे, बाकी कंपोस्ट. लाकूड हवेला वाट ठेवतं. कंपोस्टमधून जिवाणू आणि त्यांचं खाद्य येतं. त्यामुळे जिवाणूंची पावडर विकत आणायची गरज नसते. तेवढा खर्च पाण्याच्या फवाऱ्यांवर करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. जिवाणू या वायूंना सरावायला काही आठवडे लागतात; पहिल्याच आठवड्यात निकाल मागू नका.

आकार ठरवताना हवा थरात सुमारे 5 सेकंद राहील असं बघा. पंख्यांची हवा सेकंदाला 2 घनमीटर असेल, तर थर 10 घनमीटरचा हवा. जाडी 30 सेंटिमीटर ठेवली, तर जागा साधारण 33 चौरस मीटर लागेल. इथे उन्हाळ्यातला, म्हणजे जास्तीत जास्त हवेचा आकडा धरायचा. हे सगळं पंखे असलेल्या बंदिस्त शेडसाठी, किंवा झाकलेल्या खड्ड्यातून ओढलेल्या हवेसाठी. उघड्या गोठ्यातली हवा फिल्टरपर्यंत पोचतच नाही.

थर भरण्याआधी एक चाचणी जरूर करा. 20 लिटरची बादली लाकूड-कंपोस्टच्या मिश्रणाने एक तृतीयांश भरा आणि 15 सेंटिमीटर उंचीवरून दहा वेळा जमिनीवर सोडा. दोन तृतीयांशांपर्यंत भरून पुन्हा तेच, काठोकाठ भरून पुन्हा तेच. खाली बसलेला भाग भरून घ्या आणि मोजून पाणी ओता. काठापर्यंत यायला 10 लिटर पाणी लागलं, तर तुकड्यांमधली मोकळी जागा 50 टक्के. 40 ते 60 टक्के चांगली. त्याहून कमी निघाली, तर बारीक भुसा चाळून काढा. तसाच भरलात तर हवा अडते, पंख्यावर दाब वाढतो, शेडमधली हवा खेळती राहत नाही आणि अमोनिया जनावरांच्या नाकाशी साचतो. पंखा घेताना तो 50 पास्कल दाबावर किती हवा देतो, ते तक्त्यात बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट, ओलावा. वायू आधी तुकड्यांवरच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो, मगच जिवाणूंना मिळतो. थर सुकला की तो नुसता लाकडाचा ढीग. ओलावा 40 ते 60 टक्के हवा. हवा खालून येते, म्हणून खालचा भाग आधी सुकतो आणि वरून सगळं ओलं दिसतं. 15-20 सेंटिमीटर उकरून मूठभर माल दाबा: हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. ठिबकलं, तर आतल्या जागा पाण्याने भरतात, ऑक्सिजन पोचत नाही आणि फिल्टरलाच वास मारू लागतो.

कडेला फट पडली किंवा उंदरांनी बीळ केलं, तर हवा तिथूनच निसटते. थंड सकाळी एकाच जागेवरून वाफ उठताना दिसली, की तिथे उकरून पुन्हा भरा. हायड्रोजन सल्फाइडपासून गंधकाम्ल बनतं, म्हणून थराचा सामू (पीएच) तपासत राहा, तो 6.5 च्या खाली घसरू लागला, की चुनखडी मिसळा. लाकूडही कुजतं. साधारण 3 ते 5 वर्षांनी माल बदलावा लागतो.

आणि खड्डा ढवळताना फिल्टरवर विसंबू नका. त्या वेळी हायड्रोजन सल्फाइड एकदम उसळतो, आणि प्रमाण जास्त झालं की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो. शेडमधली माणसं आधी बाहेर काढा, जनावरं हलवता येत असतील तर तीही, आणि पंखे पूर्ण वेगाने चालू ठेवा.