सेबांगाऊचा चर

(दृश्य: उंच झाडावर मादी, पोटाशी पिल्लू)

दिवस मावळायला आला की ओरांगउटानची मादी अंथरुणाच्या तयारीला लागते. आजूबाजूच्या फांद्या वाकवते, पायाखाली दाबते, एकीत एक अडकवते. वर पालेदार डहाळ्या पसरते. काही मिनिटांत घरटं तयार. उद्या दुसरं झाड, दुसरं घरटं. म्हणून यांची मोजदाद करायला निघालेले संशोधक माना वर करून आधी घरटी मोजतात.

हे इंडोनेशियातलं, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमधलं सेबांगाऊचं जंगल. पायाखाली नेहमीची माती नाही. हजारो वर्षांचा पाला, मुळं, खोडं पाण्याखाली अर्धवट कुजून साचली आहेत. काही ठिकाणी हा थर 10 मीटरहून खोल आहे. याला पीट म्हणतात.

1990च्या दशकाच्या अखेरीस इथे बेकायदा लाकूडतोड्यांच्या टोळ्या घुसल्या. दलदलीत ट्रक चालत नाही, म्हणून त्यांनी चर खणले आणि ओंडके पाण्यावरून नदीपर्यंत सोडले. करवतींच्या आवाजाने ओरांगउटान आत सरकले. पण आतलं रान मोकळं थोडंच होतं? तिथे दुसऱ्यांची बिऱ्हाडं होती. मादी तर बहुधा आईच्याच टापूच्या आसपास आयुष्य काढते. फळं तेवढीच आणि खाणारी तोंडं वाढलेली.

2004मध्ये सेबांगाऊ राष्ट्रीय उद्यान झालं. चर मात्र तसेच राहिले.

(दृश्य: चर, अगदी जवळून)

हे पाणी नीट बघा. कोऱ्या चहाच्या रंगाचं. किती संथ, किती सुंदर वाटतं! पण ते वाहतंय, आणि घात तिथेच आहे. जंगलानं धरून ठेवलेलं पाणी या चरातून नदीला जातं. कोरड्या महिन्यांत पीट वाळतं, खचतं, मुळांची पकड सुटते आणि करवत न लावताही झाड आडवं होतं. त्यात ठिणगी पडली, की पीट गोवरीसारखं आतल्या आत धुमसत राहतं. 2015च्या वणव्यांत इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जळालं. त्या धुरात मध्य कालिमंतानमधल्याच तुआनानच्या जंगलातले मोठे नर फिरायचे कमी झाले, जास्त वेळ नुसते बसून राहिले.

मादीला साधारण सात-आठ वर्षांतून एक पिल्लू होतं. मेलेल्यांची जागा भरून निघणार कधी? 1999 ते 2015 या काळात बोर्निओतले एक लाखाहून अधिक ओरांगउटान गेले. त्यातले कित्येक उभ्या जंगलातही मारले गेले. लाकडासाठी वाट झाली, की त्याच वाटेनं बंदूकही आत जाते.

(दृश्य: चरावरचा लाकडी बांध)

आता इथे चर बांध घालून अडवायचं काम चाललंय. खांब रोवायचे, फळ्या ठोकायच्या, मधे मातीची पोती रचायची. आपल्याकडच्या वनराई बंधाऱ्यासारखंच. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी थांबलंय, काठावरच्या मुळांपर्यंत चढलंय. खालच्या अंगाला चराचा तळ दिसतोय. पुढचा बांध तिथे घालायचा आहे.