खडूने लिहिलेली नावं

[दृश्य: लाल विटांची भिंत. एक हात, हातात निळा खडू.]

नोव्हेंबर २०१६. शिकागोतल्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाची ही बाहेरची भिंत. लोक इथे नावं लिहिताहेत. स्वतःचं नाव नाही, वडिलांचं. आजीचं. कधीच गेलेल्या मोठ्या भावाचं. हात पोचेल तिथवर विटा भरल्या, तेव्हा पोरांना खांद्यावर घेऊन वरच्या विटांवर लिहिलं गेलं.

इथल्या शिकागो कब्स या टीमने अमेरिकन बेसबॉलची अंतिम फेरी जिंकली होती. १९०८ नंतर पहिल्यांदा. १०८ वर्षं!

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. मैदानाच्या भिंतीवर चढलेला वेल.]

इतकी वर्षं हरणाऱ्या टीमवर माणसं जीव का लावतात? आम्हाला वाटतं, याचं उत्तर खेळाडूंमध्ये आहे.

अर्नी बँक्स घ्या. १९५३ साली आला, कब्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९ हंगाम, ५१२ होम रन (म्हणजे बहुतेकदा चेंडू थेट सीमेपलीकडे धाडणारे फटके), सगळे याच टीमसाठी. आणि या १९ हंगामांत अंतिम फेरी तर सोडाच, बाद फेरीचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. तरी छान ऊन पडलं की तो म्हणायचा, "चला, आज दोन मॅच खेळू या!" रिग्ली फील्डवर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सामने दिवसाउजेडीच व्हायचे. शाळा सुटल्यावर धावत येणाऱ्या पोरांनी बँक्सला उन्हातच पाहिलं. शिकागोने त्याला नाव दिलं 'मिस्टर कब'.

आणि रॉन सँटो. थर्ड बेस या जागी खेळणारा. अठराव्या वर्षी मधुमेह निघाला, त्याने तो कितीतरी वर्षं लपवून ठेवला. त्या काळी घरच्या घरी साखर तपासायची सोय नव्हती. खेळता खेळता साखर उतरली की चॉकलेट तोंडात टाकायचं आणि परत उभं राहायचं. पुढे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, तरी रेडिओवर कॉमेंटरी करायला तो येतच राहिला. १९९८ साली अगदी मोक्याच्या क्षणी एक सोपा झेल सुटला, तेव्हा सँटो माइकवर नुसता "ओ नो!" असा कळवळला. घराघरात लोक तसेच कळवळले होते. तो तटस्थ नव्हता, म्हणूनच तो आपला वाटायचा. २०१० मध्ये तो गेला. बेसबॉलमधल्या मोठ्या मानाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड झाली, ती त्यानंतर वर्षभराने.

[दृश्य: डावीकडचा उंच पिवळा खांब. वाऱ्यावर १० (सँटो) आणि १४ (बँक्स) नंबरचे झेंडे.]

बँक्स २०१५ च्या जानेवारीत गेला. विजय त्यानंतरच्याच वर्षी आला.

प्रतिस्पर्ध्यांच्या क्लीव्हलंडमध्ये, अंतिम फेरीच्या सातव्या आणि शेवटच्या सामन्यात, ठरलेल्या नऊ इनिंगनंतर ६-६ अशी बरोबरी. मग पाऊस. १७ मिनिटं खेळ थांबला. दहाव्या इनिंगमध्ये कब्सने दोन रन काढले, क्लीव्हलंडने एक. मध्यरात्र उलटून गेली होती. शेवटचा चेंडू क्रिस ब्रायंटकडे सरपटत आला. ओल्या गवतावर त्याचा पाय घसरला, पण चेहरा बघा, फेकायच्या आधीच तो हसतोय. अँथनी रिझोने चेंडू पकडला, हात उंचावले आणि तो चेंडू हळूच पँटच्या मागच्या खिशात ठेवला.

[दृश्य: दफनभूमी. रात्र.]

त्याच रात्री एक मुलगा दुसऱ्या राज्यातून गाडी चालवत वडिलांच्या कबरीपाशी आला होता. कब्स अंतिम फेरीत गेले तर सामना एकत्र ऐकायचा, असा शब्द बापलेकांनी एकमेकांना दिला होता. त्याने घडीची खुर्ची उघडली, कॉमेंटरी लावली आणि शेवटपर्यंत तिथेच बसून राहिला.

[दृश्य: पुन्हा भिंत. खडू झिजत आलेला. हात अजून लिहितोय.]