पॅसेज कुणाचा?

(दादर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘मॅडम, उद्याच्या मुंबईबद्दल बोला, टॉवर वगैरे.’ टॉवरबद्दलच बोलणार आहे. पण सुरुवात करते ती तेविसाव्या मजल्यावर, लिफ्टसमोर ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या स्टुलापासून.

स्टूल माझ्या आत्याचं. तिचा सगळा संसार गॅलरीच्या चाळीत झाला. पुनर्विकासात चाळ गेली, टॉवर आला. नव्या घरी जो येईल त्याला आत्या आधी काय दाखवायची? संडास. हसताय, पण गुडघे धरलेले असताना रात्री दोनला बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या बाईला विचारा. चाळीचे जुने फोटो बघून उसासे टाकणारे बहुतेक लोक त्या रांगेत कधी उभे राहिलेले नसतात.

महिन्याभरात मात्र आत्याने स्टूल बाहेर काढलं आणि लिफ्टसमोर मेथी निवडायला बसली. मला म्हणाली, ‘अगं, आत बसलं की कोण आलं, कोण गेलं, काही कळतच नाही.’ पंधरा दिवसांत सोसायटीची नोटीस आली. ‘कॉमन पॅसेजमध्ये वैयक्तिक वस्तू ठेवू नयेत.’ नोटीस बरोबरच होती. आग लागली तर पॅसेज मोकळाच हवा. गडबड त्याच्या कितीतरी आधी झाली होती, आम्हा आर्किटेक्टांच्या ड्रॉइंगवर. आम्ही तिला घर दिलं, उंबऱ्याबाहेर बसायची जागा काही काढली नाही.

कारण ती जागा मोजलीच जात नाही. 2016 च्या रेरा कायद्यात, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यात, कार्पेट एरियाची म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची व्याख्या आहे. तीत घरातल्या घरात दोन खोल्यांमधली भिंत धरतात, पण बाल्कनी किंवा व्हरांडा वगळतात. फसवणूक थांबवायला हे गरजेचं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण जे मोजलं जातं त्यासाठीच माणूस भांडतो. पुनर्विकासाच्या मीटिंगमध्ये ‘किती स्क्वेअर फूट?’ याच्यापुढे प्रश्न सरकत नाही.

बीडीडी चाळी बघा. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 चाळी, 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या. तळमजला अधिक तीन, मजल्याला 20 खोल्या, मधून लांब पॅसेज, 160 चौरस फुटांत अख्खं कुटुंब. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिपटीहून मोठं घर, स्वतःचा संडास. याला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या काळोख्या पॅसेजमध्ये पोरं अभ्यास करायची, लग्नाच्या पंगती बसायच्या. त्या पॅसेजचा हिशेब नव्या नकाशात कुठल्या रकान्यात मांडला?

उंचावर ओसरी देता येत नाही, असं नाही. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलच्या कंचनजंगा टॉवरमध्ये दोन मजले उंचीच्या गच्च्या दिल्या, 1983 मध्ये. ती पैसेवाल्यांची इमारत. त्याच काळात नवी मुंबईत बेलापूरला त्यांनीच कमी उत्पन्नाच्या लोकांनाही परवडतील अशी बैठी घरं आखली. सात-सात घरं एका अंगणाभोवती, आणि कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही. पैसे येतील तसं ज्याचं त्याने वाढवावं. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी मजले चढवलेत. आमच्यातले काही त्यावर हळहळतात. मला तर वाटतं, वाढायची मुभा दिली होती, लोक वाढले.

आणि दुसरं टोक बघायचं तर मानखुर्द-गोवंडीकडे जा. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. पुनर्वसनाच्या इमारती, दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. या वसाहतींमधला क्षयरोग आणि घरात न येणारं ऊन-वारा यांचा संबंध संशोधकांनी मांडलेला आहे. म्हणजे नकाशावर आपण दोन रेघा जवळ ओढतो आणि खोकला तिसऱ्याच्या घरात शिरतो.

आता संगणक रात्रीत शंभर प्लॅन काढून देतो, एफएसआयचा, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधायची परवानगी असते त्याचा, शेवटचा इंच वापरून. छान आहे, आमची कारकुनी वाचली. मग वाचलेल्या वेळात करायचं काय? मी विद्यार्थ्यांना खडू देऊन एका टॉवरच्या मजल्यावर दिवसभर बसवलं. कोण कुठे थांबतं, तिथे खूण करा. संध्याकाळी सगळ्या खुणा दोनच जागी दाटल्या होत्या. लिफ्टसमोर, आणि जिन्याच्या एकुलत्या खिडकीपाशी. मुलांनी तीच खिडकी रुंद करून, वाट सोडून, चार माणसं बसतील एवढा कट्टा काढला. एका बिल्डरला दाखवला. त्याने मान डोलावली आणि विचारलं, ‘हे विकायचं कुणाला?’

आत्या अजून बसते. चारला स्टूल बाहेर काढते, पावणेसहाला आत नेते. सेक्रेटरी सहाला ऑफिसातून येतो.