भोर घाट: ३७ फुटांमागे १ फूट

कर्जतला मुंबईहून आलेल्या बहुतेक मेल-एक्स्प्रेसच्या मागे जादा इंजिनं लागतात. ही बँकर इंजिनं. पुढचं इंजिन ओढतं, बँकर ढकलतात. पुढे भोर घाटाचा चढ आहे: दर ३७ फुटांमागे १ फूट.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी सर्वांना ठाऊक आहे. पण ते अंतर होतं ३४ किलोमीटर, तेही सपाटीवर. रेल्वेची खरी परीक्षा सह्याद्रीनं घेतली.

ही रेल्वे बांधणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ही लंडनची कंपनी. तिला जमीन फुकट आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती. नफा कमी पडला तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या करातून भरला जाई. मग कंपनीनं खर्चाला आवर घालावा तरी कशासाठी?

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढण १,८३१ फूट, बोगदे २५. काळ्या पाषाणात हातानं भोकं पाडायची, दारू ठासायची, सुरुंग उडवायचा. कड्यावर पाऊल टेकायला जागा नसे तिथे मजूर दोरांना लोंबकळून काम करत. १८६१ मध्ये घाटात ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती. पटकीनं आणि अपघातांनी हजारो दगावली. हा मार्ग त्यांचा आहे, हे आधी सांगायला हवं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले. उरलेलं कंत्राट त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तडीस नेलं.

खंडाळ्याखाली रुळांना वळण घ्यायला जागाच नव्हती. तिथे बर्कलीनं रिव्हर्सिंग स्टेशन काढलं. गाडी टोकाला जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढे. यात वेळ जाई, शिवाय गाडीची लांबीही त्या स्टेशनापुरतीच ठेवावी लागे. १९२९ मध्ये नवे बोगदे झाले आणि ही अडचण संपली.

घाट खुला झाला १८६३ मध्ये. चारच वर्षांत एक कमानी पूल कोसळला: दर्शनी दगड घडीव, आतलं बांधकाम कच्चं.

उतार आणखी धोक्याचा. ब्रेक निकामी झाले तर गाडी आवरत नाही, म्हणून वाटेत कॅच साइडिंग आहेत, म्हणजे निसटलेली गाडी अडवायला बाजूला काढलेले चढाचे रूळ. तिथले सांधे (गाडीचा रूळ बदलणारी जोडणी) एरवी चढत्या साइडिंगकडेच लावलेले असतात. गाडी पूर्ण थांबली, ब्रेक धरतात हे दिसलं, की मगच मुख्य मार्ग मिळतो.

१८७० मध्ये जबलपूरला मुंबई आणि कलकत्त्याचे मार्ग जुळले. दोन्हीकडे रुळांतलं अंतर, म्हणजे गेज, १,६७६ मिलिमीटर (ब्रॉडगेज) होतं, म्हणून ते जुळू शकले. त्याच सुमारास सरकारनं पैसे वाचवायला एक मीटर अंतराचं मीटरगेज स्वीकारलं आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं त्याची किंमत मोजावी लागली. मराठवाड्यातून मीटरगेजनं आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा ब्रॉडगेजच्या डब्यांत भरावा लागे. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाली, तरी ही हमाली चालूच राहिली. देशभर एकच गेज करण्याची मोहीम १९९२ मध्ये निघाली.