कातळावरची फुले

नमस्कार श्रोतेहो.

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून पुढे गेले की सुमारे २५ किलोमीटरवर कासचे पठार लागते, आणि सप्टेंबरात तिथे गाड्यांची रांग लागते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मी मात्र आज आपल्याला त्या पठारावर मे महिन्यात नेणार आहे. तेव्हा तिथे तापलेला जांभा कातळ आणि करपलेले गवत यांखेरीज फारसे काही नसते. माती बोट-दोन बोटे, तीही खळग्यांपुरती. शेतकऱ्याच्या हिशेबी ही पड जमीन. याच पडीवर पाऊस झाला की ८५० हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद असलेले ते पठार जागे होते, ज्याचा २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात समावेश झाला.

पवित्र शास्त्रातील ईयोब दुःखाने पिचून देवाला जाब विचारतो, तेव्हा अडतिसाव्या अध्यायात देव त्याला उलट प्रश्न करतो. त्यांतला एक असा की, जिथे माणसाची वस्ती नाही अशा उजाड रानावर पाऊस पाडून तिथे कोवळे गवत कोण उगवतो? माझे आजोळ माणमधले. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये तो ५०० च्या आसपास असतो, त्यामुळे टँकरची वाट पाहत बसलेल्या माणसाला निर्जन कातळावरच्या पावसाचे कौतुक सांगण्याचे धाडस मला लहानपणी झाले नसते, आणि खरे सांगायचे तर आजही सहजासहजी होत नाही. त्या अध्यायात दुष्काळाचे कारण सापडत नाही. सापडते ते एवढेच की, माणसाच्या उपयोगी पडणे ही देवाच्या गौरवाची मोजपट्टी नव्हे. ज्या भूमीवर आपले काहीच पिकत नाही, तिच्याकडेही त्याचे लक्ष असते.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात रानातल्या फुलांकडे बोट दाखवले आणि सर्व वैभवातला शलमोन राजाही त्यांच्यातल्या एकासारखा सजला नव्हता असे म्हटले, तेव्हा तो नुसते ‘पाहा’ म्हणाला नाही. ती कशी वाढतात हे लक्षात आणा, असे म्हणाला. फुलामुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ साली साताऱ्यातच येऊन राहिले होते. त्यांच्या नजरेने पाहायचे, तर फुलाच्या रंगावर थांबून भागत नाही.

सीतेची आसवे ही इवली जांभळी-निळी फुलेच घ्या. लोकांनी त्यांना किती हळवे नाव दिले आहे! पण या कातळावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ही वनस्पती ओल्या मातीतल्या मुळांसारख्या धाग्यांवर सूक्ष्म फुगे बाळगते, आणि पाण्यातला बारीक जीव जवळ आला की डोळ्याचे पाते लवण्याआधी त्याला आत ओढून घेते. हे पाहून माझ्या भक्तिभावाला प्रथम धक्काच बसला होता. परंतु ईयोबाच्या त्याच अध्यायात देव सिंहिणीच्या शिकारीविषयी आणि कावळ्याच्या भुकेल्या पिलांविषयीही विचारतो. शिकार आणि भूक तो झाकून ठेवत नाही. निसर्ग हा देव नव्हे, ती त्याची हस्तकृती आहे, असे आम्ही ख्रिस्ती लोक मानतो. मग त्या हस्तकृतीतले आपल्याला गोजिरे वाटते तेवढेच वेचून त्याचा महिमा गाणे मला अर्धवट वाटते.

टोपली कारवी साधारण ७ वर्षांनी एकदाच फुलते. मधल्या वर्षांत पालथ्या टोपल्यांसारखी हिरवी झुडपे तिथे उभी असतात आणि त्यांचे छायाचित्र घ्यायला फारसे कोणी थांबत नाही.

यंदा पावसाळ्यात कासला गेलात, तर पाण्याच्या एखाद्या डबक्यापाशी वायतुरा दिसतो का ते पाहा. त्याचा तुरा दुबेळक्यासारखा दुभंगलेला असतो आणि त्याच्या शास्त्रीय नावातच, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’मध्ये, आपला सातारा आहे. पाणी आटले की त्याची पाने दिसेनाशी होतात, आणि मे महिन्यात त्याचा कंद तापलेल्या कातळाच्या खळग्यात, त्या बोटभर मातीखाली निजलेला असतो.